शिंकांची वही

४ फेब्रुवारी

मामा,

पत्र बघून घाबरू नका, सगळे धडधाकट आहेत. फोन केला की तुमचं कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं, तुम्ही दोनदा "हो हो" म्हणता आणि फोन ठेवून देता. म्हणून लिहायला बसले. शिवाय माझ्या अक्षराला नावं ठेवायची तुमची हौसही भागेल.

विषय आईचा आहे. गेल्या वसंतात ती दोनदा दवाखान्यात होती हे तुम्हाला माहीत आहे. माहीत नाही ते सांगते. दुसऱ्यांदा घरी सोडताना छातीच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "शिवणाच्या धाग्यांनी आणि दरवर्षीच्या फुलोऱ्याने फुप्फुसं दमलीत. पुढचा मोसम दवाखान्याची पायरी न चढता गेला पाहिजे. तिसऱ्यांदा आणलंत तर मी शब्द देत नाही." तेव्हापासून मी दिवस मोजते आहे. आमच्या रस्त्यावरची झाडं मार्चअखेर फुलतात.

तिचा दम्याचा रोजचा पंप आहे, तो चालूच राहील. पण नुसत्या पंपावर मोसम काढायचा नाही असं मी ठरवलंय. मी कायरोप्रॅक्टर. लोकांच्या माना, मणके, बरगड्यांचे सांधे हातांनी मोकळे करते. माझ्या हातांनी शिंका थांबत नाहीत, हे मी पेशंटला पहिल्याच दिवशी सांगते. पण चाळीस वर्षं शिवणयंत्रावर वाकून आईच्या छातीचा पिंजरा असा आवळलाय की श्वास निम्माच आत जातो. तो सैल झाला, खाणं बदललं, घरात फुलांची भुकटी आली नाही, झोप पुरी झाली, तर मोसम सोसायला बळ येईल. माझं म्हणणं एवढंच.

त्यावर ती काय म्हणाली ऐका. "माझ्या हाडांना हात लावशील तर खबरदार. आधी तुझ्या मामावर प्रयोग कर. आमच्या घरची शिंक त्याच्याही नाकात आहे. मास्तर त्यातून जगला-वाचला तर मग माझं बघू."

तर मामा, प्रयोगाचा उंदीर तुम्ही. माझ्याबरोबर शिकलेला एकजण तुमच्याच शहरात आहे, धिप्पाड आहे पण हात मऊ. आठवड्यातून दोनदा त्याच्याकडे जायचं. दूध, साखर आणि तळलेलं बंद. फळं, पालेभाज्या, लसूण, भरपूर पाणी. सकाळी खिडक्या बंद ठेवायच्या, फिरायला संध्याकाळी जायचं, बाहेरून आलं की आंघोळ, कपडे घरातच वाळवायचे, मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुवायचं. सोबत कोरे तक्ते पाठवते आहे. रोज किती शिंका, किती तास झोप, गोळी घेतली का, असे तीन रकाने. दर आठवड्याला भरून पाठवा, मी आईला वाचून दाखवीन.

आणि अॅलर्जीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही. या वाक्याखाली दोन रेघा मारल्यात, बघा.

तुमची,
खारू


१२ फेब्रुवारी

खारू बाळा,

अक्षर सुधारलं आहे. 'र' मात्र अजून पाय घसरून पडल्यासारखा काढतेस.

उंदीर व्हायला मी तयार आहे. सडाफटिंग माणूस, माझ्या दुधा-साखरेला रडणारं घरात कोण आहे? दूधवाल्याला नको म्हणून सांगितलं, तर तो माझ्याकडे असा पाहत राहिला जणू मी परगावीच निघालो. चहा आता काळा पितो. पहिल्या दिवशी शाई प्यायल्यासारखं वाटलं. आता शाईचीही सवय झाली.

खारू, वसंताशी माझं जुनं वैर आहे, आणि वैरी इतका देखणा की त्याच्यावर रागावता येत नाही. चौतीस वर्षं मी मुलांना वसंताच्या कविता शिकवल्या. नेमक्या त्याच दिवसांत. खिडकीबाहेर झाड पिवळं झालेलं, वाऱ्यावर भुकटी, आणि मी फळ्यापुढे उभा राहून "हा सुगंधी समीर" असं काहीतरी रसाळ बोलायला तोंड उघडायचो, तो फटाफट सात शिंका. मुलं मोजायची. मागच्या बाकावरून आवाज यायचा, "सर, आज आठ!" मला नेहमी वाटायचं, ज्यांनी या कविता लिहिल्या त्यांच्यातल्या एकालाही कधी शिंक आली नसेल का? की शिंकून झाल्यावर, नाक पुसून, मग लिहायला बसले असतील? मला दुसरं खरं वाटतं. इतक्या लांबून, इतक्या ओल्या डोळ्यांनीच ते झाड तसं दिसू शकतं.

तुझ्या धिप्पाडाकडे जाऊन आलो. मी त्याचं नाव पैलवान ठेवलंय. त्याने मला उपडं झोपवलं, पाठीवरून बोटं फिरवली आणि म्हणाला, "सर, आयुष्यभर वह्या तपासल्यात ना? डाव्या बाजूला वाकून?" मी थक्क. पाठ वाचणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. मग मानेला एक हिसडा दिला. असा आवाज झाला की मला वाटलं, संपलं, आता पेन्शन तुझ्या आईला. उठलो तर उजवीकडे मान वळत होती. रस्त्याच्या त्या बाजूला एक घड्याळाचं दुकान आहे, खारू. बारा वर्षांत मला ते दिसलंच नव्हतं.

एक गोष्ट लिहू का? तू माझ्याकडे शिकायला राहिलीस ते वर्ष. माझाच वर्ग, माझाच विषय. पासाला पस्तीस हवे होते, तुला तेहतीस मिळाले. सगळे म्हणाले, दोन मार्क वाढवा, सख्खी भाची आहे. मी म्हणालो, सख्खी आहे म्हणूनच नाही. तू रडली नाहीस. नुसतं माझ्याकडे पाहिलंस. तुझं वर्ष गेलं. तत्त्वाची गोष्ट म्हणून मी ती पुष्कळांना सांगितली, पण स्वतःला सांगताना ती कधीच नीट जमली नाही.

म्हणून या खेपेला तू सांगशील ते सगळं करीन. आपल्याला धाकटीला, तुझ्या आईला, या मोसमातून पार न्यायचं आहे.

मामा


१० मार्च

मामा,

चार तक्ते मिळाले. इतक्या नेटाने भरता आहात, खूप बरं वाटलं. पण आकडे काही हलत नाहीत. बावीस, चोवीस, पुन्हा चोवीस, सव्वीस.

मी आईला वाचून दाखवले. ती काजं करत होती. दातांनी धागा तोडून म्हणाली, "मास्तरची गाडी चिखलातच आहे की. उगाच त्याचं दूध तोडलंस." सगळे तक्ते तिने फ्रिजच्या दारावर लावलेत, खास मला चिडवायला. मी खिडकी लावते, ती उघडते. मी कपडे आत वाळत घालते, ती बाहेर नेते. काल जिना चढताना तिसऱ्या पायरीवर थांबली आणि मला सांगते, "चपलेत खडा गेला."

मामा, खालच्या कोपऱ्यावरचं झाड फुलायला लागलं. पंधरा दिवसांत सगळा रस्ता फुलेल. तुमच्या तक्त्यात थोडा जरी फरक दिसला असता तर ती ऐकायला लागली असती. जे आहे ते आहे. तुमचा काय दोष?

खारू


१९ मार्च

खारू,

आनंदाची बातमी. सोबतचा तक्ता पाहा. सोमवारी अठरा, मंगळवारी सोळा, बुधवारी चौदा, आणि काल फक्त बारा! पैलवान म्हणतो, बरगड्या सुटल्या की असं होतं. असंच काहीतरी म्हणाला. मला नीट आठवत नाही, उपडा होतो.

पाठ तर शपथेवर सांगतो, सुटली. चांगला साडेसहा तास झोपतो. सकाळी उठलो की पहिल्यांदा कण्हायचो, ते बंद झालं. शेजारीण म्हणाली, "सर, तुमच्याकडून आवाज येत नाही, मला काळजी वाटली." संध्याकाळी तळ्यापर्यंत चालत जातो. तिथल्या बाकावर बसून जुन्या कविता मनात म्हणतो. एक कडवं चाळीस वर्षांनी सापडलं. मी पळभर इतका खूष झालो की एकटाच हसलो, आणि बदकं दूर गेली.

तिसऱ्या रकान्यात पाहा, गोळीपुढे 'नाही' लिहिलंय. गरजच वाटली नाही. धाकटीला हे मुद्दाम दाखव. तिला म्हणावं, मास्तर चिखलातून बाहेर आला, आता तुझी पाळी.

कागदावर ठिपके पडलेत त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस. पेला सांडला.

मामा


२७ मार्च

मामा!

आई तयार झाली!

तुमचा तक्ता मी वाचून दाखवला तशी तिने उठून चष्मा आणला, स्वतः वाचला. मग म्हणाली, "हा माणूस दोन मार्क फुकट देत नाही. दहा शिंका कुठून देईल?" आणि पलंगावर उपडी झोपून मला म्हणते, "चल, मोड काय मोडायचं ते."

मी अगदी हलक्या हाताने केलं, मामा. तिच्या पाठीला मी लहानपणानंतर हात लावला नव्हता. खांद्याची हाडं पाखरासारखी झालीत. पहिल्याच दिवशी तिने एक पूर्ण श्वास घेतला, खालपर्यंत, आणि स्वतःच दचकली. "अगं, एवढी जागा होती आत?" म्हणाली.

आता दूध बंद, साखर बंद, खिडक्या बंद. तिनेही तक्ता सुरू केलाय. तुमच्या शेजारीच लावते.

पण गोळी का सोडलीत? डॉक्टरांना विचारलंत का? मी दोन रेघा मारल्या होत्या. लगेच कळवा.

खारू


३ एप्रिल

खारू,

रागावू नकोस. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले चालेल. या आठवड्याचे आकडे: दहा, दहा, आठ, आठ.

धाकटी तयार झाली हे वाचून मी तुझं पत्र खिशात घालून तळ्याला दोन फेऱ्या मारल्या. तू जिंकलीस, पोरी.

मामा


१८ एप्रिल

मास्तर,

हे पत्र मी लिहिते आहे, पोरीला ठाऊक नाही. ती कामावर गेली आहे.

आधी कबूल करते. मला वाटलं होतं, पोरीचं हे खूळ आहे. हाडं कडकडवून नाक कुठे बरं होतं? पण तू लिहिलंस म्हणून विश्वास ठेवला. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर तक्त्याने शेगडी पेटवली असती. तू पोरीला नापास केलंस तेव्हा मी सहा महिने तुझ्याशी बोलले नाही, आठवतं? पण शेजारणींना मीच सांगत फिरले, माझा भाऊ सख्ख्या भाचीलाही एक मार्क उगाच देत नाही. म्हणून तुझा आकडा तो आकडा.

मला हलकं वाटतं रे. खरंच. कोपऱ्यापर्यंत चालत जाते, न थांबता. खडाबिडा जात नाही चपलेत. काल यंत्रावर बसून एक अख्खा फ्रॉक शिवला, तोही झालरीचा. आणि पोर खुशीत आहे. हे जास्त आहे. गेलं वर्षभर ती माझ्याकडे अशी बघायची, जणू मी काठावर ठेवलेला पेला आहे. आता स्वयंपाकघरात गुणगुणते. तिला सूर नाही, तुझ्यावर गेली आहे.

तर आता ऐक. तू गोळी सोडलीस ना? मग मी काही तुझ्याहून कमी नाही. दहा दिवस झाले, माझा तो पंप मी कपाटात ठेवून दिलाय. त्याने हात थरथरतात, सुईत दोरा जात नाही. मोसम सरला की पोरीला एकदम सांगीन, बघ, तुझ्या हातांनीच झालं हे. तिला केवढं वाटेल!

तोवर तिला कळवू नकोस. नाहीतर पुन्हा पेला होईन मी.

धाकटी


२३ एप्रिल

धाकटे,

पत्र मिळालं. तुझी पत्रं येत नाहीत ती नाहीत, आणि येतात तेव्हा माणसाला बसायला लावतात.

पंप सोडू नकोस. माझी गोळी वेगळी, तुझा पंप वेगळा. माझी नुसती शिंक, तुझी छाती. तुलना करू नकोस. आजच्या आज कपाटातून काढ. हात थरथरले तर थरथरू देत, फ्रॉक कुठे पळून जातो?

माझ्या आकड्यांचंही इतकं मनावर घेऊ नकोस. आकडे काय, पुढेमागे होतात.

मला उलट टपाली कळव की पंप सुरू केलास.

दादा


२९ एप्रिल

मास्तर,

स्वतः पैलतीरी गेलास आणि मला नावेतून उतरू देत नाहीस! लहानपणापासून असाच. बरं, काढला हो पंप कपाटातून, सुरू केला. झालं समाधान? आता पोरीकडे चुगली करू नकोस.

आज वारा खूप आहे. कपडे लवकर वाळतील.

धाकटी


१७ मे

खारू,

घरी येऊन चार दिवस झाले. चार दिवस हा कागद समोर आहे.

तुझ्या घरी होतो तेव्हा तोंडाने सांगायला हवं होतं. माणसं येत होती, जात होती. तू प्रत्येकाला तेच सांगत होतीस, "बरी होत होती हो, या वर्षी तर खूपच बरी होती." सगळे गेल्यावर मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो. फ्रिजच्या दारावर तिचे आणि माझे तक्ते शेजारी शेजारी. मी माझे काढायला लागलो. तू मागून आलीस आणि म्हणालीस, "राहू द्या मामा, तिला फार आवडायचे ते." मी हात खाली घेतला. तिथेच बोलायला हवं होतं.

ते तक्ते खोटे आहेत, खारू.

पहिले चार खरे. त्यानंतरचा एकही नाही. दहा मार्चचं तुझं पत्र आलं, "थोडा जरी फरक दिसला असता." मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मला वाटलं, माझ्या वीस-पंचवीस शिंकांपायी धाकटी हटून बसली आहे आणि तू हरते आहेस. तुला तेव्हा दोन मार्क दिले नाहीत. आता देऊन टाकू. कुणाचं काय जातंय? शिंका माझ्या, वही माझी. एकदा ती तयार झाली की तुझ्या हातांनी, तुझ्या पथ्याने बरी होईलच. मग माझे आकडे कुणाच्या लक्षात राहतात?

गोळीपुढचं 'नाही' सुद्धा खोटं. मी रोज गोळी घेत होतो. ती न घेता शिंका कमी झाल्या म्हटलं की यश जास्त उठून दिसेल असं वाटलं. चौतीस वर्षं मुलांच्या निबंधातला भपका खोडणारा मी. डॉक्टरांना काही विचारलं नव्हतं. ठिपके पेल्याचे नव्हते.

आता सगळ्यात वाईट. तिने मला अठरा एप्रिलला पत्र लिहिलं. सोबत ठेवलंय, वाच. तिने पंप सोडला होता, माझं पाहून. मला ते बावीसला मिळालं. दुसऱ्या दिवशी मी तिला लिहिलं, पंप घे. मी पंप घे लिहिलं, पण आकडे खोटे आहेत हे लिहिलं नाही. ते लिहायला बसलो होतो. पहिली ओळ लिहिली, आणि मला तिचा चेहरा दिसला, शेजारणींना सांगतानाचा. 'एक मार्क उगाच देत नाही.' मी तो कागद टाकून दुसरा घेतला. आणि तुला कळवू नको म्हणाली, तर कळवलंही नाही. तिचा शब्द पाळतो आहे असं स्वतःला सांगितलं. मी माझी अब्रू पाळत होतो.

तुला एक ओळ लिहिली असती, "आईचा पंप बघ", तर तेवीसचं पत्र सव्वीसला पोहोचलं असतं. धाकटी गेली त्या सहा मे पर्यंत दहा दिवस होते. हे दहा दिवस मी रोज मोजतो.

माफी मागत नाही. तुला हे माहीत असायला हवं, म्हणून लिहिलं.

मामा


३० जून

मामा,

सहा आठवडे लागले. मध्ये तीन वेळा लिहिलं आणि फाडलं. एका पत्रात 'माफ केलं' असं होतं, ते वाचून मला स्वतःचाच राग आला. दुसऱ्यात 'कधीच करणार नाही' असं होतं, तेही खरं वाटेना.

त्या सकाळी वारा होता. मी कामावर निघाले होते. तिने कपडे बाहेर घातले होते, ते उडायला लागले म्हणून गोळा करायला गेली आणि चादर तोंडावर घेऊनच आत आली. खुर्चीत बसली. मला म्हणाली, "जा तू, उशीर होईल." मी चपला घातल्या, काढल्या. दवाखान्यात नेताना गाडीत तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणत होते, खालपर्यंत घे, आई, जागा आहे.

तुमचं पत्र आल्यावर मी कपाट उघडलं. पंपाच्या पाठीमागे छोटी खिडकी असते, किती फवारे उरले ते दाखवणारी. एक एप्रिलला नवा पंप मीच तिच्या हातात दिला होता, एकशेवीस. रोज चार. खिडकीत ब्याण्णव आहे. म्हणजे सात दिवस घेतला. तुम्हाला 'सुरू केला' म्हणाली तेही खोटं. मी रोज सकाळी विचारायचे, "पंप?" ती म्हणायची, "झाला." लोकांच्या पाठीवर बोट ठेवून कुठे अडलंय ते सांगणारी मी. आईचा पंप उलटा करून बघायला मला काय लागलं असतं?

आणि तिचे तक्ते. काल दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. तुमच्या दहा, तिच्या अकरा. तुमच्या आठ, तिच्या नऊ. तुमचा तक्ता आला की दुसऱ्या दिवशी ती तिचा भरायची, तुमच्याहून एकाने जास्त. शिंका ती मोजतच नव्हती. तुमच्या मागोमाग येत होती. मी ते बघून हसले होते, बहीणभाऊ कसे जोडीने बरे होत आहेत म्हणून.

तुम्ही मला पास केलंत. तिनेही केलं. मी नापास होते आहे हे दोघांपैकी एकानेही सांगितलं नाही. त्या वर्षी तुम्ही तेहतीस दिलेत तेव्हा मी तुमच्याकडे का पाहत राहिले, तुम्हाला माहीत आहे? मला वाटलं, चला, घरात एक माणूस तरी खरं बोलतो. त्या दोन मार्कांचा मला कधी राग नव्हता, मामा. तो तुम्हाला होता.

गेल्या आठवड्यात एक बाई आल्या. दमा आहे, शिंका आहेत. कुणीतरी सांगितलंय की माझ्याकडे आलं की औषधं सुटतात. मी त्यांना पाठीला हात लावण्याआधी पर्समधला पंप दाखवायला सांगितला. मग त्यांनी विचारलं, "मग तुमच्याने नक्की काय बरं होतं?" माझ्याकडे उत्तर म्हणून जे होतं ते फ्रिजच्या दारावर होतं.

तुम्ही मार्क आधी पेन्सिलीने देता आणि मग शाईने. मला माहीत आहे, माझ्या तेहतीसच्या खाली पेन्सिलीचे तेहतीस दिसत होते. म्हणजे या वेळचीही पेन्सिलीची वही असणार. ती मला पाठवा. मला खरे आकडे हवे आहेत, जसे असतील तसे.

खारू


८ जुलै

खारू,

वही पाठवतो आहे. पेन्सिल पुसट झाली आहे, उजेडात धर.

त्या बाईंना सांगायला जे आहे ते असं. मान दोन्हीकडे वळते. पाठ दुखत नाही. झोप चार तासांची साडेसहा झाली, तळ्यापर्यंत दमायला होत नाही. पोटही बरं आहे, ते बहुधा दुधाचं. एवढं पैलवानाच्या हातांनी आणि तुझ्या पथ्याने झालं, हे खरं. खिडक्या बंद ठेवल्या त्या सकाळी शिंका दोन-तीन कमी, हेही खरं. बाकी शिंका हटल्या नाहीत. मार्चात बावीस ते अठ्ठावीस. एप्रिलात एकदा एकतीस. गोळी रोज एक, एकही दिवस चुकलेली नाही. सोडली असती तर किती झाल्या असत्या, मला माहीत नाही.

वही पाच मे पर्यंत आहे. पुढच्या दिवशी दुपारी तुझा निरोप आला, मी निघालो, आणि गाडीत सबंध वेळ खिडकी उघडी होती. शिंका आल्या असणारच. मी मोजल्या नाहीत. वही बांधताना हातात पेन्सिल होती, अंदाजाने एक आकडा घालता आला असता.

सहा मे कोरा आहे.

मामा